शेपटीकडची चार बोटं

समुद्रातली लाल तांबोशी यायची बंद झाली त्याला तिसरा आठवडा लागला होता. वारं नको त्या दिशेने धरून बसलं होतं. होड्या जात होत्या आणि तळाशी चार फुटकळ मासे घेऊन परत येत होत्या. मासे कापायच्या शेडमध्ये बायका अॅप्रन बांधून, सुऱ्या घासून टेबलांपाशी उभ्या राहायच्या आणि बर्फाचं पाणी होताना बघायच्या. मासा नाही म्हणजे काम नाही, आणि काम नसलेल्या बाईला मालक दुपारच्या आत घरी पाठवतो, हे कोणी कोणाला सांगायला नको होतं. एकवीस टेबलांपैकी सात तशीच रिकामी झाली होती. घरी पाठवलेली बाई परत बोलावली गेल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

चौदा नंबरचं टेबल अजून चालू होतं. तिथली बाई डावखुरी, पस्तिशीतली, कामाला वाघ आणि बोलायला मुखदुर्बळ. हा नंबर आधी तिच्या सासूचा होता. सासूचे गुडघे गेले तेव्हा सून त्याच टेबलाला उभी राहिली आणि मालकाने नवा नंबर द्यायचा कंटाळा केला. त्यामुळे गेली बत्तीस वर्षं पेट्यांवर तोच आकडा जात होता, आणि घेणाऱ्यांना वाटायचं, ही चौदा नंबरची बाई काही म्हातारी होत नाही.

शेडची एक रीत होती. काट्यापासून माशाचे दोन लांब तुकडे सोडवायचे, वरचं कातडं काढायचं, पण शेपटीकडे चार बोटं कातडं तसंच राखायचं. घेणाऱ्याला कळावं, मासा कोणता आहे ते. मांस काय, सगळ्यांचं पांढरंच. कातडं गेलं की माशाची ओळखच पुसली. सासूने सुनेला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, आणि सुरीचा दांडा बोटांवर मारून शिकवलं होतं.

त्या दिवशी सकाळी एक टेम्पो आला, पण समोरच्या फाटकाने नाही, मागच्या. क्रेट उतरले. वरचा बर्फ बाजूला सारला तर आत लाल चिलापी, तळ्यात पाळलेली, पिठाच्या गोळ्या खाऊन वाढलेली. लांबून बघणाऱ्याला तांबोशी वाटावी इतकी लाल. जवळून बघितलं तर रंग शेपटीकडे फिका पडत गेलेला आणि त्यात शाईचे शिंतोडे उडावेत तसे काळे ठिपके.

मालक स्वतः टेबलांमधून फिरला. माणूस तसा आरडाओरडा करणारा नव्हता. उलट त्या दिवशी तो फारच हळू बोलत होता.

"आजपासून कातडं पूर्ण काढायचं. शेपटीकडचंसुद्धा. एक बोटभरही राहता कामा नये."

"आणि पेटीवर काय लिहायचं?" शेजारच्या टेबलावरच्या बाईने विचारलं. तिला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण तिला बंद करायचं बटण नव्हतं.

"रोज लिहिता तेच."

"तांबोशी?"

"टेम्पो भरून काम आणलंय तुमच्यासाठी," मालक म्हणाला. "नको असेल तर सांगा. मी टेम्पो परत पाठवतो आणि तुम्हालाही."

सुऱ्या चालू झाल्या.

चिलापी कापायला अवघड नाही. पण तिचं कातडं चिवट, धरायला गेलं की निसटतं, आणि पोट फाडलं की चिखलाचा दर्प येतो. चौदा नंबरच्या बाईने सकाळभर जपून कापलं. प्रत्येक तुकड्याला शेपटीपाशी हात अडायचा, तिथेच थांबायला बघायचा, आणि ती त्याला पुढे ढकलायची. जेवणानंतर रेडिओने आपल्या मेहुण्याच्या कवळीची गोष्ट काढली. भर पंगतीत कवळी घसरून शेजारच्या पाहुण्याच्या ताटात गेली आणि तो बिचारा ती वाढप्याने वाढलेला खोबऱ्याचा तुकडा समजून बाजूला सारत राहिला. बायका हसून हसून बेजार झाल्या. कित्येक दिवसांनी काम आलं होतं, त्यामुळे हसूही जरा जास्तच येत होतं.

संध्याकाळी टेबल धुताना तिचं लक्ष कातड्यांच्या बादलीकडे गेलं. तळाची कातडी पूर्ण लांबीची होती. वरची मात्र आखूड. तिने एक उचललं, बोटांनी मापलं. बरोबर चार बोटं कमी.

कवळीची गोष्ट चालू असताना हात आपल्या सवयीने चालला होता. दुपारनंतरच्या सगळ्या तुकड्यांवर, दोन पेट्या भरून, चिलापीचं कातडं राहिलं होतं. वर चिठ्ठी तांबोशीची, आणि चिठ्ठीवर निळ्या शाईत चौदा. पेट्या चिकटपट्टी लावून कोल्ड रूममध्ये गेल्या होत्या आणि कोल्ड रूमला कुलूप पडलं होतं.

घरी जाताना प्रत्येकीला दोन-दोन डोकी मिळायची, ही शेडची जुनी वहिवाट. सासूने पिशवी उघडली आणि डोकी परातीत ओतली.

"हे कोण पाहुणे?"

"चिलापी आहे, आई."

"ते दिसतंय मला. डोळे अजून शाबूत आहेत. पेटीवर काय लिहिलंत ते विचारतेय."

सुनेने नळ मोठा सोडला आणि हात घासत राहिली. सासूने परात पुढे ओढली आणि कल्ले काढायला घेतले.

सकाळी ती इतरांच्या आधी अर्धा तास शेडवर पोचली. हातमोजे आत राहिले म्हणून कोल्ड रूमची चावी मागायची, दोन पेट्या उघडायच्या, कातडं ओढून काढायचं, परत चिकटपट्टी लावायची, असं तिने वाटेत पाच वेळा मनाशी घोकलं होतं. पण मालक तिच्याही आधी आलेला. पेट्या बाहेर निघाल्या होत्या आणि तिचा नवराच त्या गाडीत चढवत होता. शेडची गाडी तोच चालवायचा. तिच्या दोन पेट्या टेकडीवरच्या वृद्धाश्रमाच्या होत्या. तिथली स्वयंपाकीण चौदा नंबर सोडून दुसऱ्या कोणाची पेटी घेत नसे.

मालक आत वळला तशी ती गाडीच्या खिडकीशी गेली आणि भराभर सगळं सांगून टाकलं. नवऱ्याचा हात चावीवर तसाच राहिला.

"किती तुकडे?"

"दोन्ही पेट्यांतले सगळे."

"कातडं लाल आहे ना?"

"आहे. पण ठिपके आहेत. कोणीही ओळखेल."

"आपण ओळखू. कोण बघतंय इतकं!" असं तो म्हणाला खरा, पण त्याचे कान लाल झाले होते. गाडी निघाली.

तो दिवस तिने कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. मालकाच्या केबिनमध्ये फोन वाजला की तिची सुरी थांबायची. बर्फावर हात असून पाठीला घाम येत होता. दोनदा तिने अंगठा कापून घेतला, मोज्यासकट. रेडिओ म्हणाली, "आज माशापेक्षा तूच जास्त कापली जातेयस." ती हसली नाही. टेबल जाईल, नवऱ्याची गाडी जाईल, एकाच घरातली दोन माणसं एकाच दाराने बाहेर पडतील, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

दुपारी गाडी परत आली. नवरा रिकामे क्रेट उतरवत होता आणि मालक तिथेच उभा होता, म्हणून त्याला जे सांगायचं ते मालकासमोरच सांगावं लागलं.

"काय म्हणाली स्वयंपाकीण?" मालकाने विचारलं.

"खूश होती. म्हणाली, सगळीकडे हल्ली कातडं काढून पाठवतात, काय देतात कळत नाही. तुमच्या पेटीत चार बोटं कातडं बघितलं की जिवाला बरं वाटतं."

मालकाने मान वळवून चौदा नंबरच्या टेबलाकडे बघितलं. तिला वाटलं, संपलं. तो टेबलाशी आला, कातड्यांच्या बादलीत वाकून बघितलं, क्रेटमधली एक चिलापी उचलून उजेडात धरली, फिरवून बघितली.

"चौदा, तू कातडं ठेवलंस?"

"चुकून राहिलं, मालक. हाताची सवय."

"राहू दे," तो म्हणाला. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आता सगळ्यांनीच ठेवा. पूर्वीसारखं. चार बोटं."

तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची त्याच क्षणी लाज वाटली. सासूच्या हातचा मार खाऊन शिकलेली रीत आता खोट्यावर खऱ्याचा शिक्का मारायला लागली होती, आणि मालकाला तो शिक्का शोधून देणारी तीच होती. रेडिओने तिच्या कानात सांगितलं, "बघ, मालकाला अक्कल तू दिलीस. बढती माग." या वेळी रेडिओ स्वतःही हसली नाही.

पुढचे आठ दिवस टेम्पो मागच्या फाटकाने येत राहिला. घरी पाठवलेल्या दोघी परत कामाला आल्या आणि मालकाचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. चौदा नंबरची बाई कापायची आणि राखायची. शेपटीकडे काळे ठिपके नसलेला मासा तिला निवडता येऊ लागला होता. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. हात किती लवकर शिकतो, याची तिला भीती वाटायला लागली.

नवव्या दिवशी संध्याकाळी नवरा जेवताना म्हणाला, "वृद्धाश्रमातून निरोप आहे."

तिचा घास हातातच राहिला.

"तिथले म्हातारे म्हणतायत, माशाला मातीचा वास येतो. त्यांच्यात एक जुना नावाडी आहे, तो तर ताट सारून उठतो. स्वयंपाकीण स्वतः मासे खात नाही, अख्खा मासा तिने जन्मात बघितला नाही. तिला काय कळणार? मला म्हणाली, ताईंना विचारा. त्या सांगतील तसं करते."

"तुम्ही काय म्हणालात?"

"विचारून सांगतो म्हणालो."

सासू भिंतीशी गुडघ्याला फडकं बांधत बसली होती. तिने मान वर केली नाही, पण फडक्याची गाठ अर्धवट राहिली. सगळं घर आता एका उत्तराची वाट बघत होतं. खरं सांगावं तर दुसऱ्या दिवशी चूल कशावर पेटवायची हा प्रश्न होता. तिने पाणी प्यायलं. परत प्यायलं.

"सांगा, बर्फाचा वास असेल," ती म्हणाली. "मिठाच्या पाण्यात घालून ठेवा म्हणावं. दोन-तीनदा धुतला की जाईल."

नवऱ्याने मान हलवली आणि भात कालवायला लागला. सासू भिंतीला धरून उठली. उठताना ती नेहमी कण्हायची, आज कण्हली नाही.

"माझा नंबर परत दे मला," ती म्हणाली.

"आई, असं काय बोलता?"

"मग काय बोलू? बत्तीस वर्षांत वीस माझी आहेत त्यात. तुझी बारा तू विकायची तर वीक. माझी वीस वेगळी काढून दे."

आणि ती आतल्या खोलीत जाऊन दार लोटून बसली. सून ताटावर तशीच बसून राहिली. तिला राग आला होता. टेबल टिकवायचं तिने, गाडी टिकवायची तिने, म्हातारीची गुडघ्यांची औषधं आणायची तिने, आणि वर हे ऐकायचंही तिनेच. राग खरा होता. पण तो जितका वेळ टिकायला हवा होता तितका टिकला नाही.

त्यानंतर तीन दिवसांनी, सकाळचे दहा वाजले असतील, वृद्धाश्रमाची जीप समोरच्या फाटकाने आत आली. पुढे व्यवस्थापक उतरला, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. मागून एक ठेंगणी बाई उतरली. पन्नाशीची, पदर खोचलेला, छातीशी स्टीलचा डबा धरलेला. चौदा नंबरच्या बाईने तिला कधी बघितलं नव्हतं. तरी बघताक्षणी ओळखलं.

मालक केबिनमधून लगबगीने बाहेर आला. खुर्च्या मागवल्या. व्यवस्थापक बसला नाही.

"एकच विचारायचंय," तो म्हणाला. "तुमच्याकडून आमच्याकडे तांबोशी येते ना?"

"तांबोशीच. चिठ्ठी असते प्रत्येक पेटीवर."

"बघा," व्यवस्थापक स्वयंपाकिणीकडे वळला. "तुमच्याकडे येते तांबोशी. पण ताटात येतो तळ्यातला मासा. आमच्या जुन्या नावाड्याने शपथेवर सांगितलंय. मग मधे कुठे बदलतो तो? गाडीतून उतरला की तुमच्याच हातात असतो. चांगला मासा बाहेर जातो आणि हा आत येतो, असाच याचा अर्थ होतो ना?"

"मी नाही हो बदलला," स्वयंपाकीण म्हणाली. किती दिवस हेच सांगत असेल कोण जाणे, आवाज पार झिजून गेला होता. तिने डब्याचं झाकण काढलं. "हा बघा. पेटीतून काढला तसाच आणलाय. कातडं बघा, लाल आहे. चौदा नंबरची पेटी आहे. त्या ताई खोटं कापणार नाहीत. त्यांना बोलवा, त्या सांगतील."

मालकाने डब्यात बघितलं. आणि मग चौदा नंबरच्या बाईने त्याला वाक्य जुळवताना बघितलं. तो घाबरलेला होता. त्याच्याही शेडवरच्या सगळ्या माणसांचं पोट त्या वाक्यावर होतं. पण तो बोलला ते असं:

"आमच्याकडून बरोबरच जातं, साहेब. पुढे कोणाच्या स्वयंपाकघरात काय होतं, त्याला आम्ही काय करणार?"

स्वयंपाकिणीने डबा घट्ट धरला. शेडमध्ये सुऱ्या चालूच होत्या, पण कोणीही काही कापत नव्हतं.

पकडली जाईन म्हणून चौदा नंबरची बाई बारा दिवस मरत होती. पकडली दुसरीच जाईल, ही गोष्ट तिच्या कधी डोक्यातही आली नव्हती.

"तो तुकडा माझा आहे," ती म्हणाली.

"तुला कोणी विचारलं नाही, चौदा," मालक म्हणाला.

ती पुढे आली. डब्यात बोट घालून तिने कातड्याची कड दाखवली. "ही कड तिरकी आहे बघा, साहेब. डावीकडून वर गेलीय. शेडमध्ये डावखुरी मी एकटी. बाकी सगळ्यांची कड उजवीकडून येते. हा या बाईंनी बदललेला नाही. माझ्याच हातचा आहे, आणि ही चिलापी आहे."

व्यवस्थापकाने तिच्याकडे, मग मालकाकडे बघितलं. त्याला पटलं नसावं. ती टेबलाशी गेली, क्रेटमधून एक मासा घेतला आणि चार हात चालवून तुकडा सोडवला. कातडं ओढलं, शेपटीपाशी थांबली, सुरी फिरवली. तो तुकडा तिने डब्यातल्या तुकड्याशेजारी ठेवला. तोच फिका लाल रंग, तीच तिरकी कड. क्रेट उघडाच होता. त्यातले मासे बघायला आता कोणाची परवानगी लागत नव्हती.

"असं बारा दिवस चाललंय," ती म्हणाली. "आधी चुकून झालं. मग जाणूनबुजून केलं."

व्यवस्थापकाने फाइल बगलेत मारली. मालकाला तो म्हणाला, "आपण आत बोलू." केबिनच्या दारात मालक थांबला. ओरडला नाही. "सुरी धुऊन ठेव," एवढंच म्हणाला, "आणि नवऱ्याला सांग, गाडीची चावी माझ्या टेबलावर ठेवायला."

नवरा गाडीपाशी उभा राहून सगळं ऐकत होता. त्याने खिशातून चावी काढली, तिच्याकडे बघितलं, आणि केबिनकडे चालायला लागला. तो चिडला आहे की नाही हे तिला त्याच्या पाठीवरून कळेना.

ती स्वयंपाकिणीकडे वळली. आता ही बाई आपले हात धरेल, रडेल, निदान सुटल्याचा श्वास तरी सोडेल, असं तिला वाटलं. वाटलं कशाला, तेवढं तिला हवंच होतं. स्वयंपाकिणीने डब्याचं झाकण लावलं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बसलं.

"मिठाच्या पाण्यात घालून धुतला मी तो," ती म्हणाली. "तीन-तीनदा धुतला. म्हाताऱ्यांना सांगितलं, ताईंनी सांगितलंय, आता वास येणार नाही. त्यांनीही खाल्ला मग."

"माझं चुकलं, बाई."

"आज सांगितलंत ते बरं केलंत. माझी नोकरी वाचली." स्वयंपाकिणीने पदराने डोळे पुसले आणि मान वर केली. "पण उद्या मला मासा घ्यायचाच आहे. कोणाच्या हातचा घेऊ, ते पण सांगा."

चौदा नंबरच्या बाईने शेडभर नजर फिरवली.

मग डबा छातीशी धरून स्वयंपाकीण स्वतःच टेबलांच्या रांगेतून चालायला लागली, आणि प्रत्येक टेबलावर रंगवलेला आकडा हळू आवाजात वाचत गेली. तेरा. बारा. अकरा. रेडिओच्या टेबलापाशी ती जरा जास्त थांबली. रेडिओ खाली बघून, कापून झालेला तुकडा पुन्हा कापत होती. एकीनेही मान वर केली नाही.